एकशे बारा, मागची बाजू

जानकीच्या बाळंतपणाला म्हणून मी तेरेखोल ओलांडून पेडण्याकडे आले, चाळीस दिवसांसाठी. जानकी माझी मावसबहीण, चार वर्षांनी मोठी. अठराव्या दिवशी ती तापाने गेली. जिच्यासाठी आले तीच गेल्यावर पाहुणीने परत जायचं असतं, पण तसं मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण माझ्या मांडीवर तिची मुलगी होती आणि ती दुधासाठी रडत होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. सासरी कोणी माझी वाट बघत होतं असं नाही.

मुलगी म्हणजे हर्षा. तिचे वडील गोकुळदास, माझे भावजी. पार्से गावात त्यांचं किराणा दुकान. हर्षा तीन वर्षांची झाली तेव्हा त्यांनी दुसरं लग्न केलं. पद्मावती डिचोलीच्या बाजूची, नीटनेटकी, कमी बोलणारी. ती मला कधी वाकडं बोलली नाही. पहिल्या आठवड्यात तिने फक्त विचारलं, "गंगाबाय शिवराक मगे? मग तिची चूल वेगळी बरी."

शिवराक म्हणजे मासळी न खाणारी. मी मासळी सोडली असं लोक म्हणत, पण खरं सांगायचं तर नवरा गेल्यावर सासूने ती माझ्या ताटात वाढली नाही, एवढंच झालं. पुढे सवय पडली. तर न्हाणीला लागून मागच्या पडवीत मला एक चूल मांडून मिळाली. घराचं हुमण, म्हणजे माशाचं कालवण, मात्र मीच करायची, पुढच्या रांधपघरात, चव न बघता. मीठ बरोबर आहे का ते हर्षा सांगायची. ते झालं की अंघोळ करून मी मागे यायची आणि माझा भात शिजवायची. मधे एक दार होतं. हर्षा पुढे एकदा जेवायची आणि त्या दारातून मागे येऊन माझ्या ताटात पुन्हा.

त्या घरात माझ्या मालकीचं काही नव्हतं, आणि ते मला कधी टोचलंही नाही. त्या दारातून पोरीची ये-जा होती तोवर मी त्या घरातलीच होते.

अक्षरं मी तिच्यामुळेच शिकले. ती पाटावर पुस्तक ठेवून वाचायला बसायची आणि मी समोर तांदूळ निवडत. पुस्तक तिच्या बाजूने सुलटं, माझ्या बाजूने उलटं. त्यामुळे अजूनही मला उलटा धरलेला कागद जास्त भरभर वाचता येतो.

ती बारावी झाली तेव्हा तालुक्याला नवीन कॉलेज निघालं होतं. तिने अर्थशास्त्र घेतलं. भावजी खूश झाले, म्हणाले, दुकानाला बरं. दुकानाचा आणि त्या शास्त्राचा काही संबंध नाही हे पहिल्या महिन्यातच त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर फी भरून झाली होती. मी नारळ खवताना ती मला शिकवायची. एकदा म्हणाली, "मावशी, पाण्याशिवाय माणूस मरतो, तरी पाणी फुकट. हिऱ्याशिवाय कोणी मरत नाही, तरी हिरा महाग. कित्याक सांग."

मी म्हटलं, "मे म्हयन्यात बांयर ये, कळशी घेवन. मग मी तुका सांगतंय पाणी फुकट काय तां."

विहिरीला आमच्याकडे बांय म्हणतात. तिने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्यांच्या प्रशांत सरांनी वर्गात वाचून दाखवलं म्हणे. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

त्या कॉलेजात अर्थशास्त्र दुसऱ्या वर्षापर्यंतच. पुढे जायचं तर पणजीला, विद्यापीठात. आणि तिथे आमच्या कॉलेजातलं एकच मूल घेणार होते, तेही त्याने केलेली गावाची पाहणी बघून. हर्षा तीन महिने बारा पानांचे फॉर्म घेऊन दारोदार फिरली. साठ घरं केली. कोणाची जमीन किती, काजू किती, खाणीवर कोण, ट्रकवर कोण. सगळं लिहून झालं आणि प्रशांत सर म्हणाले, "काम स्वच्छ आहे. पण यात नवीन काय? अशी साठ घरं तुझ्या वर्गातल्या त्या डिचोलीच्या मुलाकडेही आहेत."

त्या दिवशी दुपारी ती घरी आली आणि माझ्या पडवीच्या उंबऱ्यावर बसली. मी तांबडी भाजी चिरत होते. ती बराच वेळ माझ्या चुलीकडे बघत राहिली.

"मावशी, तुझी चूल वेगळी मगे?"

"सतरा वर्सां वेगळी. तुका आज दिसली?"

"व्याख्या अशी आहे गे. एका चुलीवर जेवणारी माणसं ती एक कुटुंब. छप्पर एक असलं तरी." तिचा चेहरा आंघोळ करून आल्यासारखा झाला होता. "म्हणजे आमच्या घरात दोन कुटुंबं आहेत. आणि कोणी मोजलंच नाही."

तिने एकसष्टावा फॉर्म काढला आणि माझ्यासमोर पाटावर ठेवला. जमीन? नाही. उत्पन्न? नाही. कपडे? वर्षाला दोन लुगडी, घरातून. तिने लिहिलं, 'बाहेरून मिळणारी मदत'. मी ते उलटं वाचलं आणि हसले. बाहेरून म्हणजे मधल्या दारातून.

"शाळेत गेली होतीस?"

"खय गे शाळा."

तिने खाली मान घालून लिहिलं, 'निरक्षर'. तो शब्दही मी वाचला. जोडाक्षर तिने सुंदर काढलं होतं. मी भाजी चिरत राहिले. वाटलं, फॉर्मात वाचायला शिकलेल्यांसाठी जागा नसेल, शाळेत गेलेल्यांसाठीच असेल. आणि दुसरं असं की ती इतकी आनंदात होती की मी अडवलं असतं तर तो माझा कद्रूपणा झाला असता.

प्रशांत सर उडालेच. घरातलं घर, असं त्यांनी अहवालाला नाव दिलं. महिन्याभरात पत्र आलं. हर्षाचं नाव धरलं होतं. फक्त विद्यापीठाच्या एक बाई येऊन ते एकसष्टावं कुटुंब प्रत्यक्ष बघणार होत्या, मे महिन्यातल्या एका गुरुवारी. भावजींनी दुकानात पेढे वाटले. अहवालात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. मुलगी पास झाली की वही कोण उघडतं.

घोटाळा झाला तो वेगळ्याच वाटेने. कॉलेजने पाहणीची एक प्रत गावाला दिली होती आणि आदल्या रविवारी गावच्या सभेत निराधारांची यादी तिच्यावरून वाचली गेली. सभेत आधी भावजींचं भाषण झालं. गोव्याचं वेगळं राज्य होऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं, आणि 'राज्य मिळालं, भाषा मिळाली नाही' हे मराठीसाठीचं वाक्य ते दुकानात साखर तोलतानाही म्हणत. सभेत टाळ्या पडल्या. ते खाली बसले आणि यादी सुरू झाली. चौथंच नाव: घर क्रमांक एकशे बारा, मागची बाजू. विधवा, निराधार, उत्पन्न शून्य.

एकशे बारा कोणाचं ते सगळ्यांना ठाऊक. मागच्या बाकावरून महादेव, आमचा शेजारी, शांतपणे म्हणाला, "गोकुळदासा, दुकानात साखर तोलतंस तसो घरात भातय तोलून वाढतंस काय रे?"

हसणं थांबेना म्हणतात. मी तिथे नव्हते, पण मला हे तीन जणींनी येऊन वेगवेगळं सांगितलं आणि तिघींच्या सांगण्यात हसणं होतंच.

भावजी घरी आले, चपला न काढता सोप्यावर बसले. पद्मावती वाल सोलत होती. हर्षा आतून आली. मी मधल्या दारात.

"वीस वर्सां जेवली," भावजी खांबाला म्हणाले, "ती निराधार?" सभेत ते शुद्ध मराठीत बोलत, घरी, चिडले की, आमच्यासारखेच.

"पप्पा, व्याख्याच तशी आहे. ज्याची चूल वेगळी..."

"तुझी व्याख्या घाल चुलीत. उद्या तुझ्या सरांक सांग, चूक जाली."

"चूक झाली म्हटलं की मी खोटी माहिती दिली असं होतं. नाव कापतील. जागा डिचोलीच्या मुलाला जाईल."

"आणि गुरुवारी तुझी बाई येवन काय बघतली? ह्यां दार? ह्या उघड्या दारातसून निराधार बाई आमचां हुमण घेवन येता तां?"

हर्षाने माझ्याकडे बघितलं नाही. तिला रडू येत होतं. लहानपणी असं रडू आलं की ती माझ्या पदरात तोंड घालायची. आता पदर चार पावलांवर होता आणि ती जागची हलली नाही.

पद्मावतीने एक वाल सोलला, दुसरा सोलला. मग तिच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "मग खरां करा."

कोणाला कळलं नाही.

"लिवलां आसा तसां करा. दार बंद करून घ्या. गावाक सांगूया, गंगाबायनच वेगळां मागलां. मग आमी उपाशी ठेवली असां कोण म्हणात? आणि चेडवाचां नावय रवात."

मी आजही म्हणेन, त्या घरात अर्थशास्त्र कोणाला आलं असेल तर पद्मावतीला. एका दगडात तिने नवऱ्याची अब्रू, मुलीची जागा आणि मागची पडवी तिन्ही नीट लावली. भावजींनी खांबावरून नजर काढली. "कडी नको," ते म्हणाले. "कडी बघून कोणय म्हणात काल लायली. चिरे लावया, वरसून चुनो."

मला कोणी काही विचारलं नाही. मी दारातच होते, तेव्हा बहुधा दाराबरोबर माझंही ठरलं असं धरलं असावं.

सोमवारी सकाळी हर्षा माझ्या मागे बांयर आली. तिने माझ्या हातातली कळशी घेतली, जे तिने कॉलेजात गेल्यापासून केलं नव्हतं.

"मावशी, तू नाय म्हटलंस तर मी जाणार नाय गे."

असं म्हणणाऱ्या माणसाची पेटी भरून तयार असते. तरी मी तिच्याकडे बघत राहिले, कारण तिला ते खरंच वाटत होतं, त्या क्षणापुरतं.

"आणि नाय गेलंस तर काय करतलंस?"

ती म्हणाली, "लग्न करून देतील. दुकानवाल्याला."

"मग बांधूंदेत भिंत."

"गुरुवारपर्यंतच. बाई गेल्या की शुक्रवारी पाडू. मी सांगतंय पप्पांक. शपथ."

तिने शपथेसाठी गळ्याला हात लावला. कळशी कलंडली आणि दोघींचे पाय भिजले. ती हसली, मीही हसले. तिथे हसायला नको होतं असं आता वाटतं.

मंगळवारी बाबली गवंडी आला. दाराची चौकट काढून त्याने चिरे रचायला घेतले. मी माझ्या बाजूला, हर्षा तिच्या बाजूला पुस्तक घेऊन. कमरेपर्यंत भिंत आली तोवर आम्ही एकमेकींना दिसत होतो. छातीपर्यंत आल्यावर बाबली थांबला, त्याने वर छपराकडे बघितलं, चुलीकडे बघितलं.

"मावशे, ल्हानशी जनेल सोडूं? धूर भायर जातलो. हाक मारूक पण बरी."

मी काही बोलायच्या आत पलीकडून हर्षाचा आवाज आला. "खिडकी नको, बाबलीमामा. मधे उघडी जागा असली तर एकच घर धरतात. पुस्तकात तसं दिलंय."

"पुस्तक लिवणाऱ्याक," बाबली म्हणाला, "मे म्हयन्यात हय रांधूक बसवूक होयो." चिरा हातात घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला.

"लाव चिरो, बाबली," मी म्हटलं.

त्याने लावला. शेवटच्या दोन ओळींच्या वेळी हर्षाच्या डोक्याचा फक्त भांग दिसत होता. तो मीच सकाळी पाडून दिला होता.

गुरुवारी विद्यापीठाच्या बाई यायच्या होत्या, म्हणून भावजींनी पहाटे जाऊन इसवण, म्हणजे सुरमई, आणली. आणली, पण ती करायची कोणी? पद्मावतीला हुमण कधी जमलं नाही. मी बाहेरून वळसा घालून पुढे गेले, मासा कापला, हुमण केलं, तुकड्या तळायला लावून दिल्या आणि पुन्हा वळसा घालून मागे आले, निराधार होऊन बसायला. अंघोळीला वेळ मिळाला नाही. जीप वाजली.

बाई पन्नाशीच्या, सुती साडी, घामाने थकलेल्या. वाईट नव्हत्या. माझ्या पडवीत वाकून आल्या, भिंतीवरून हात फिरवला, हाताला चुना लागला तो रुमालाने पुसला, आणि पाटावर बसल्या. हर्षाला म्हणाल्या, "तुम्ही विचारा. मी फक्त ऐकते."

हर्षाने फॉर्म उघडला. कोरा, नवा.

"तुमचं नाव?"

मी तिच्याकडे बघितलं. ती कागदाकडे बघत होती. तिने मला जन्मात 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"गंगा."

"इथे किती वर्षं राहता?"

"वीस."

"स्वयंपाक वेगळा?"

"वेगळा."

बाई मधेच वाकल्या. माझ्या मनगटावर त्यांना काही दिसलं होतं. मी बघितलं तर इसवणीचा तुकडा चिकटलेला, सालीसकट, चकाकत होता.

"तुम्ही मासळी खाता?"

"नाय. मी शिवराक."

"मग हे?"

हर्षाचं पेन थांबलं. एक चुकीचा शब्द आणि भिंत, चुना, पेढे, सगळं वाया. तिच्या ओठावर घाम आला होता. लहानपणी ताप यायच्या आधी असाच यायचा.

"शेजाऱ्यांची करून देतंय," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

"त्याचे काही देतात?"

"नाय."

बाईंचा थकवा एकदम गेला. "हे बघा, हर्षा. हे तुमच्या अहवालात नाही. विनामोबदला श्रम, तोही दुसऱ्या कुटुंबासाठी, तोही स्वतः खात नाहीत अशा जिनसाचा. वीस वर्षं. लिहा, लिहा हे." आणि हर्षाने लिहिलं. भराभर लिहिलं. लिहिता लिहिता तिचा चेहरा पुन्हा तसा झाला, आंघोळ करून आल्यासारखा. ती विसरली होती की ते ती स्वतः जेवत आली आहे. मी हे रागाने सांगत नाही. मुलं अभ्यासात रमली की असंच होतं.

शेवटचा प्रश्न बाईंनी स्वतः विचारला. कागद मिटून, हलक्या आवाजात, बाई बाईला विचारते तसा. "आणि आजारी-बिजारी पडलात तर? आपलं म्हणावं असं कोणी जवळ आहे?"

पलीकडे ताटं मांडल्याचा आवाज आला. हर्षाने मान वर केली. पहिल्यांदाच, त्या सगळ्या वेळात. तिच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी पुष्कळ वेळा मनात परतून बघितलं आहे. मी 'आहे' म्हणावं असं त्यात कुठे होतं का, हे शोधायला. नव्हतं. ती विनवत होती, पण दुसऱ्या उत्तरासाठी.

"नाय," मी म्हटलं. "कोण नाय."

बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, मग उठल्या. सगळी वळसा घालून पुढे जेवायला गेली. बाईंनी दोनदा हुमण मागून घेतलं, ते भिंतीतून ऐकू आलं.

शुक्रवारी भिंत पडली नाही. शुक्रवारी भावजी म्हणाले, जागेचं पक्कं पत्र येऊंदे. पत्र जूनमध्ये आलं तेव्हा पाऊस लागला होता, पावसात कोण भिंत पाडतं. मग हर्षाची जायची घाई. जाताना तिने बापाला सांगितलं, मी ऐकलं, "पप्पा, ती भिंत तेवढी पाडून घ्या हां." भावजी हो म्हणाले. जुलैमध्ये बाबली आपणहून पहार घेऊन आला. पद्मावती त्याला म्हणाली, "असूंदे रे. तिथे आता कपाट ठेवलां आसा. बरां बसलां."

हुमण करायला मी वळसा घालून जात राहिले. पावसात डोक्यावर गोणपाट घेऊन. एक-दोनदा पाय घसरला. मग पद्मावतीने खालच्या वाड्यावरची एक बाई ठेवली; म्हणाली, गंगाबायला त्रास नको.

चवथीला, गणपतीत, हर्षा चार दिवस घरी आली. मला माणसांच्या आवाजातून तिचा आवाज ओळखता आला, पणजीचा थोडा लागलेला, हसरा. आरती झाली, जेवणं झाली. दुपार कलल्यावर ती वळसा घालून माझ्या दारात आली. नवी साडी, मनगटावर घड्याळ. हातात ताट, वर केळीचं पान झाकलेलं. आमच्याकडे शेजाऱ्यांना नेऊन देतात तसं.

"मावशी, नेवऱ्या आणि खतखतें. शिवराकच आहे सगळं."

मी ताट घेतलं. ती पायरीवरच उभी, चपला पायात. पहिल्या चाचणीत पहिली आली होती, सांगितलं. बाईंनी माझी अजून आठवण काढली, तेही सांगितलं. वर्गात म्हणे त्या माझ्यावर एक पूर्ण तास घेतात. बोलता बोलता ती मागे रस्त्याकडे बघत होती.

तिला मी जन्मात कधी 'आत ये' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हणावं लागलं.

"नको गे, मंडळी बसलीत. नंतर येते. ताट सावकाश पाठवून दे," ती म्हणाली, आणि निऱ्या उचलून, चिखल चुकवत, वळसा घालून घरी गेली.